टेस्ट आणि टेस्ट

"बट व्हेअर इज टेस्ट इन युअर प्रपोजल?"

जून 2022. बंगळुरूतल्या एका संस्थेत पीएचडीची मुलाखत. समोर पाच जण. माझा विषय होता परभणी आणि हिंगोली जिल्ह्यांतल्या बौद्ध आणि मातंग कुटुंबांनी पोरांसाठी इंग्रजी शाळा निवडणं. हा प्रश्न ऐकून मी मनातून खूश झाले, कारण टेस्टबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं भरपूर होतं. नवोदयची प्रवेश परीक्षा, पाचवी-आठवीची स्कॉलरशिप, पुढे सीईटी, त्यासाठी घरातली शेळी विकून लावलेले क्लास. मी चारेक मिनिटं बोलले असेन. चांगलं बोलले. मला कोणी थांबवलं नाही. एका सरांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं, एक मॅडम माझ्या कागदांवर पेन फिरवत होत्या. मग "थँक यू, दॅट विल बी ऑल."

त्या रात्री उद्यान एक्स्प्रेसच्या वरच्या बर्थवर झोप येत नव्हती. मुलाखत डोक्यात पुन्हा पुन्हा वाजत होती. गुंतकल गेल्यावर कधीतरी उमगलं की त्यांनी टेस्ट विचारलं नव्हतं, टेस्ट विचारलं होतं.

वाचकहो, या वाक्यातल्या दोन शब्दांत तुम्हाला फरक दिसला का? दिसणारच नाही. परीक्षा म्हणजे टेस्ट आणि अभिरुची म्हणजेही टेस्ट. देवनागरीत दोघांनाही एकच मात्रा. मला विचारलं होतं अभिरुचीबद्दल. पिएर बुर्दियू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाच्या 'डिस्टिंक्शन' या ग्रंथाचा तो गाभा आहे. मूळ पुस्तक 1979 चं, इंग्रजीत आलं 1984 ला. वरच्या वर्गाची आवड, चव, उठणं-बसणं हेच कसं गुणवत्ता म्हणून खपवलं जातं, असा त्याचा एकूण मुद्दा. हे पुस्तक माझ्या प्रपोजलच्या संदर्भसूचीत होतं. मी ते वाचलं होतं, दोनदा. पण सगळं डोळ्यांनी. त्या माणसाचं नावसुद्धा मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. एमएची दोन वर्षं मी त्याला मनात बोर्डियू म्हणत होते.

निवडयादीत माझं नाव नव्हतं. त्या एका शब्दामुळे नव्हतं असं मी म्हणणार नाही, इतरही कारणं असतील. पुढच्या वर्षी याच शहरात दुसरीकडे प्रवेश मिळाला, म्हणून आज हे लिहिते आहे. पण त्या खोलीतल्या पाचही जणांना पहिल्या अर्ध्या मिनिटात कळलेलं असणार की या मुलीला शब्द चुकीचा ऐकू आलाय. "नो नो, टेस्ट, ॲज इन बुर्दियू", एवढंच म्हणायचं होतं. सहा शब्दांचं काम. ते झालं नाही आणि पुढची चार मिनिटं माझ्या अज्ञानाचा पुरावा म्हणून जमा झाली. माझं भांडण या चार मिनिटांशी आहे.

आता कानाकडे येऊ. मराठीत ए एकच. आखूड ए आणि लांब ए असे दोन वेगळे स्वर आपल्याकडे नाहीत, त्यामुळे इंग्रजीतली जोडीच्या जोडी आपल्या कानात शिरताना एकाच खुंटीवर टांगली जाते. लेखणी आणि वेदना, दोन्ही पेन. पत्र आणि नंतर, दोन्ही लेटर. विकणं आणि विक्री, दोन्ही सेल. मिळवणं आणि फाटक, दोन्ही गेट. इ आणि ई ची गत वेगळी नाही. ऱ्हस्व-दीर्घ आपण वहीत पाळतो, मार्कांच्या भीतीने पाळतो, पण बोलताना दिन आणि दीन यांत फरक करणारी जीभ मला तरी क्वचितच भेटली. मग शिप आणि शीप वेगळे ऐकू कुठून येणार?

माझ्या कन्नड मैत्रिणीला मात्र टेस्ट-टेस्टची अडचण येत नाही. ती माझ्यासारखीच घरातली पहिली पदवीधर, सरकारी कन्नड शाळेत शिकलेली. पण कन्नडमध्ये आखूड ए वेगळा आणि लांब ए वेगळा. लिपीत दोन वेगळी अक्षरं आहेत. हे मला पुस्तकातून नाही, किराणा दुकानात कळलं. इथे तुरीच्या डाळीला तोगरी बेळे म्हणतात, त्यातला पहिला ए लांब. तोच आखूड केला की अर्थ होतो पीक. मी माझ्या मराठी ए ने मागितली तेव्हा दुकानदार हसून म्हणाला, पीक हवं असेल तर कलबुर्गीच्या शेतात जा, इथे डाळ मिळते. मग त्याने 'बेळे' लांबवून म्हणून दाखवलं, माझ्याकडून वदवून घेतलं आणि अर्धा किलो डाळ बांधून दिली.

लक्षात घ्या, त्याने डाळ दिली. दुकानात उभी असलेली बाई पीक मागायला आलेली नाही हे त्याला कळलं. संदर्भावरून शब्द ओळखणं ही काही फार मोठी विद्वत्ता नाही, रोज कोट्यवधी माणसं ती करतात. पाच प्राध्यापकांना ती जमली नाही असं मी मानत नाही. त्यांनी ती केली नाही.

"कान तयार नाही" असं आपल्याला सांगितलं जातं, जणू बाकीच्यांचे कान जन्मतः तयार असतात. याबद्दल एक जुना आणि गाजलेला प्रयोग आहे. कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 मध्ये तो प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना त्यांनी हिंदीतले त आणि ट ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांची होईपर्यंत तो बहुतेकांना कळेनासा झाला, कारण आजूबाजूच्या भाषेत त्याचा उपयोग नव्हता. मोठ्या इंग्रजी माणसांची तर बातच सोडा. तुम्ही लंडनच्या माणसापुढे "ताक टाक" म्हणा, त्याला बहुधा एकच शब्द दोनदा ऐकू येईल. त्यावरून त्याची बुद्धी कोणी मोजत नाही. काल आणि काळ, मूल आणि मूळ यातही त्याची तीच पंचाईत. कान पहिल्या वर्षातच घरच्या भाषेला बांधला जातो. आपला मराठीला बांधला गेला, त्यांचा इंग्रजीला. आणि भारतात ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्या इंग्रजी बोलली गेली त्यांचा दोन्हींना. घर, जमीन, आडनाव जसं वारशाने येतं तसा हा कानही वारशाने येतो. मुलाखतीत त्यालाच गुणवत्ता म्हणतात.

हे आपल्याला नवीन नाही. मराठीतच आपण हे भोगलं आहे. आमच्या शाळेत मराठीचे सर "आनी, पानी, लोनी" म्हणून आमची नक्कल करायचे आणि अख्खा वर्ग हसायचा, आम्हीसुद्धा हसायचो. आमच्या बोलीत न आणि ण एक झाले, म्हणून आम्ही अशुद्ध. बरं, मग श आणि ष चं काय? शहर आणि षटकोन यांतल्या पहिल्या अक्षराचा उच्चार वेगळा करणारा माणूस सदाशिव पेठेत तरी सापडतो का? ऋषीचा ऋ आणि रुपयाचा रु वेगळा कोण म्हणतं? तिथेही दोन ध्वनींचा एकच झाला आहे, सगळ्यांच्याच तोंडात, शास्त्रीबुवांच्याही. पण त्याला प्रमाण मराठी म्हणतात. दोन ध्वनी एक होणं ही भाषेतली रोजची घटना आहे. ते कुणाच्या तोंडात झालं यावर त्याचं नाव ठरतं, नियम किंवा गावंढळपणा.

इंग्रजीतही तेच. जात या अर्थाचा कास्ट आणि नाटकातल्या नटसंचाचा कास्ट यांचा उच्चार खुद्द इंग्रज माणूस एकच करतो. त्याला अडचण येत नाही, कारण ऐकणारा त्याला संदर्भाची सवलत देतो. आपण बोलायला लागलो की ही सवलत काढून घेतली जाते. डोनाल्ड रुबिन नावाच्या संशोधकाने 1992 मध्ये अमेरिकेत हे दाखवून दिलं. विद्यार्थ्यांना एकाच इंग्रजीभाषक बाईच्या आवाजातलं ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवलं. काहींना सोबत गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना चिनी चेहऱ्याच्या बाईचा. आवाज तोच, शब्द तेच. पण चिनी चेहरा पाहणाऱ्यांना उच्चार परका वाटला आणि व्याख्यानातलं कमी समजलं. चेहरा बघून कान बंद होतात. आपल्याकडे आडनाव बघूनही होतात, हे सांगायला मला प्रयोगशाळा नको.

तोंडी परीक्षेत काय घडतं याच्या सरकारी नोंदी आहेत. एम्समधल्या अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारी तपासायला 2006 मध्ये सुखदेव थोरात समिती नेमली गेली. 2007 च्या तिच्या अहवालात तोंडी परीक्षेत वेळ कमी देणं, आडून किंवा थेट जात विचारणं, हे विद्यार्थ्यांच्याच शब्दांत आलं आहे. जेएनयूच्या अब्दुल नाफे समितीने 2016 मध्ये लेखीचे आणि मुलाखतीचे गुण शेजारी ठेवून पाहिले, त्यांतला फरक भेदभावाकडे बोट दाखवतो असं म्हटलं, आणि मुलाखतीचे गुण 30 वरून 15 वर आणायला सांगितलं. त्याच वर्षी यूजीसीच्या नियमांनी उलटं केलं. लेखी परीक्षा पात्रतेपुरती राहिली आणि निवड मुलाखतीच्या हाती गेली. विद्यार्थ्यांनी आंदोलनं केली, 2018 मध्ये 70-30 वर तडजोड झाली. म्हणजे आजही शंभरातले तीस गुण अशा खोलीत ठरतात जिथे आधी ऐकायचं असतं आणि मग बोलायचं. बोलण्याबद्दल सगळे चर्चा करतात. ऐकण्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण ज्यांना ऐकू येतं त्यांना हे काही वेगळं कौशल्य आहे हेच माहीत नसतं.

आता आपल्याच लोकांशी थोडं भांडते. सावित्रीमाईंनी 1854 च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिका म्हणून सांगितलं. चंद्रभान प्रसाद यांनी 2010 मध्ये उत्तर प्रदेशातल्या बांका गावी इंग्रजी देवीचं मंदिर उभारायला घेतलं, देवीच्या हातात पेन आणि पायाखाली संगणक. मी या परंपरेच्या बाजूची आहे, इंग्रजीला परकी म्हणून नाकारणं ज्यांना परवडतं त्यांची पोरं आधीच इंग्रजी शाळेत असतात. पण आपल्या चळवळीतले दादा-ताई जेव्हा म्हणतात, "उच्चारांचं टेन्शन घेऊ नको, बिनधास्त बोल", तेव्हा ते अर्धंच सांगतात. बोलताना माझा ए मराठी असला तरी हरकत नाही, मी तो बदलणारही नाही. ऐकताना मात्र मला दोन ए वेगळे कळायलाच हवेत, नाहीतर प्रश्न एक आणि उत्तर भलतंच. देवीच्या हातातलं ते पेन आपल्या कानाला लेखणी आणि वेदना असं एकदमच ऐकू येतं.

दुसरीकडून सल्ला येतो, "नेटफ्लिक्स बघा, बीबीसी ऐका." मी दोन वर्षं ऐकली. त्याने सवय होते, फरक कळत नाही. न कळणारा फरक हजार वेळा ऐकला तरी हजार वेळा कळत नाही. 1991 मध्ये लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी र आणि ल मध्ये गोंधळणाऱ्या जपानी लोकांवर वेगळी पद्धत वापरली. जोडीतला एक शब्द ऐकवायचा, कोणता ते विचारायचं, लगेच बरोबर की चूक ते सांगायचं. आणि आवाज एकाच माणसाचा ठेवायचा नाही, अनेकांचा ठेवायचा. सुधारणा लहान होती, पण खरी होती. वर्षानुवर्षं इंग्रजी ऐकूनही जे झालं नव्हतं ते नेमक्या सरावाने काही आठवड्यांत व्हायला लागलं.

हे वाचल्यावर आम्ही हॉस्टेलवर चौघींनी तेच सुरू केलं. मी, कन्नड मैत्रीण, एक बिहारची आणि एक मणिपूरची. शब्दांच्या जोड्या करायच्या, व्हॉइस नोट पाठवायची, बाकीच्यांनी ओळखायचं. वेस्ट या एका मराठी अक्षरसमूहावर आमचे दोन दिवस गेले. कचरा, पश्चिम, कंबर आणि बनियन, चारही मराठीत वेस्ट. कचरा आणि कंबर इंग्रजालाही सारखेच ऐकू येतात, ते सोडून द्या. पश्चिम आणि बनियन यांत ओठांचा फरक आहे, पश्चिमला ओठ गोल होतात, बनियनला वरचे दात खालच्या ओठाला लागतात. आपल्याकडे बहुतेक प्राध्यापकही तो करत नाहीत, म्हणून त्याचीही फार चिंता नको. खरा फरक कचरा आणि पश्चिम यांत, आणि पुन्हा तोच ए. गोरे लोक कचऱ्यातला ए म्हणताना शेवटी इ कडे घसरतात, वेइस्ट असं काहीसं. आपले दक्षिणेतले प्राध्यापक घसरत नाहीत, नुसते लांबवतात. पश्चिममध्ये दोघेही ए तोडून पुढे जातात. एकदा शेपूट ऐकायची हे कळलं की पेन, लेटर, सेल, गेट सगळ्या जोड्या सुटायला लागतात. महिनाभराने मला दहातले आठ ओळखता येत होते. थर्टी आणि थर्टीन अजून चुकतात, जोर शेवटी आहे का ते बघायचं असतं, पण फोनवर कोणी भाडं सांगत असलं की मी सरळ "थ्री झीरो ऑर वन थ्री?" विचारते.

हे कॉलेजने शिकवायला काय हरकत होती? महाराष्ट्रात 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे माझ्या पिढीने पहिली ते बीए पंधरा वर्षं हा विषय घेतला आणि आमच्या शाळा-कॉलेजात एकदाही कान तपासला गेला नाही. रेमेडियल कोचिंगच्या वर्गात आम्हाला काळ आणि आर्टिकल शिकवले, फळ्यावर, मराठीतून.

इथे बंगळुरूत तर या सगळ्याचा धंदा झाला आहे. कॉल सेंटर आणि आयटीच्या भरतीत एमटीआय असा शब्द चालतो, मदर टंग इन्फ्लुअन्स. आईच्या भाषेचा प्रभाव, आणि तो दोषांच्या रकान्यात. माझ्या संशोधनात भेटलेल्या एका मुलाला तीन ठिकाणी याच शेऱ्यावर परत पाठवलं होतं. त्याची मुलाखत मी ध्वनिलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली तेव्हा जिथे जिथे तो कास्ट म्हणाला होता तिथे यंत्राने कधी नटसंच लिहिला, कधी किंमत. "माय मॅनेजर आस्क्ड माय कॉस्ट." हे वाक्य मी बराच वेळ बघत बसले, कारण ते अगदीच चूक नव्हतं. यंत्राचे कानही कुणाच्या तरी घरात तयार होतात. 2020 मध्ये अमेरिकेत पाच मोठ्या कंपन्यांची अशी यंत्रं तपासली, तेव्हा गोऱ्यांच्या बोलण्यात शंभरातले सरासरी 19 शब्द चुकले आणि काळ्यांच्या बोलण्यात 35. आता मी सगळ्या मुलाखती हाताने लिहून काढते. वेळ जातो.

मुलाखत घेणाऱ्यांकडे माझं मागणं फार नाही. प्रश्न विचारताना तो समोरच्याला लिहूनही द्या, कागदावर किंवा पडद्यावर. उमेदवार भलत्या दिशेने निघाला तर एकदा थांबवा. "प्रश्न पुन्हा विचारता येईल" हे सूचनापत्रात छापा. याला खर्च शून्य. यावर मला एका सेमिनारमध्ये उत्तर मिळालं की अशाने दर्जा घसरेल. कशाचा दर्जा? तुम्हाला समाजशास्त्रज्ञ निवडायचा आहे की आखूड-लांब ए ओळखणारा?

गेल्या आठवड्यात हिंगोलीहून एका ज्युनियरचा फोन आला. याच शहरात, अशीच मुलाखत. म्हणाला, "ताई, प्रश्न नाही कळला तर परत विचारू का? इंग्रजी येत नाही असं समजतील ना." मी म्हटलं, "अरे, परत विचारू नकोस. तुला काय ऐकू आलं ते सांग. डू यू मीन टेस्ट, ॲज इन एक्झाम? एवढं म्हण. मग चूक असेल तर दुरुस्त करायची पाळी त्यांची." त्याने ते वाक्य मला फोनवर दहा वेळा म्हणून दाखवलं. मग विचारलं, प्रश्न लेखी द्या म्हणून आधीच ईमेल केला तर नाव खराब होईल का. आम्ही दोघांनी मिळून चार ओळींचा ईमेल लिहिला आणि त्याने तो सोमवारी पाठवला. उत्तर अजून आलेलं नाही. मुलाखत गुरुवारी सकाळी दहाला आहे.